शीटवरचे व्ह्यूपोर्ट कापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयच्या आरेखक ट्रेडची मुलं, रोजगार हमीच्या कामांवरचे तांत्रिक सहायक आणि तालुक्याच्या गावी घरकुलांचे, रस्त्यांचे, तलावांचे नकाशे काढून देणारे ड्राफ्ट्समन यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर समोर ठेवून दिली आहेत. त्यात मूळ नकाशा मॉडेलमध्ये असतो, छापायचा कागद म्हणजे शीट लेआउट टॅबवर असते, आणि मॉडेल शीटवर दाखवणारी चौकट म्हणजे व्ह्यूपोर्ट. इतर सॉफ्टवेअरबद्दल शेवटाकडे थोडं आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजीत, मधे जागा न सोडता लिहायची.

मला वावराचा एकच कोपरा शीटवर दाखवायचा आहे. मग मॉडेलमध्येच बाकीचं ट्रिम करून टाकलं तर काय बिघडतं?

आज काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या महिन्यात. शेततळ्याचा नकाशा मंजुरीला गेला, साहेबांनी सांगितलं की नाल्यापासूनचं अंतरही दाखवा, आणि नाला तर तुम्ही ट्रिम करून टाकलेला. मग जुनी फाइल शोधा, त्यातून नाला कॉपी करा, तो जुळवा, आणि दोन फाइलींपैकी खरी कोणती हे स्वतःलाच विचारत बसा. मोजणी करून आणलेली प्रत्येक रेघ मॉडेलमध्ये जशीच्या तशी राहिली पाहिजे. जमिनीवर जे आहे ते मॉडेलमध्ये, पूर्ण मापात, एकदाच. शीटवर काय दिसावं हे व्ह्यूपोर्ट ठरवतो. व्ह्यूपोर्ट म्हणजे शीटला पाडलेली खिडकी. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचं वावर लहान होत नाही.

या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: कापायचं ते व्ह्यूपोर्टला, नकाशाला कधीच नाही. एकाच मॉडेलवर पाच शीट निघतात, पाचही शीटवर वेगवेगळे तुकडे दिसतात, आणि धुऱ्याची एक रेघ दुरुस्त केली की पाचही शीट आपोआप दुरुस्त होतात. हा फायदा ट्रिम करणाऱ्याच्या हातून जातो.

व्ह्यूपोर्ट कापायची साधी पद्धत कोणती?

दोन वाटा आहेत. व्ह्यूपोर्ट अजून बनवलाच नसेल तर लेआउट टॅबवर या, एमव्ह्यू कमांड द्या आणि त्यातला पॉलिगोनल पर्याय घ्या. एकेक बिंदू टिपत आकार काढा, लागेल तिथे आर्क घेऊन वळणही देता येतं. किंवा शीटवर आधी बंद पॉलिलाइन, वर्तुळ, लंबवर्तुळ असं काहीतरी काढून ठेवा आणि एमव्ह्यूचा ऑब्जेक्ट पर्याय वापरून त्याचाच व्ह्यूपोर्ट करा.

चौकोनी व्ह्यूपोर्ट आधीच असेल, स्केल लावून झालं असेल, तर व्हीपीक्लिप. आधी व्ह्यूपोर्ट निवडा, मग कापायचा आकार निवडा. आकार तयार नसेल तर पॉलिगोनल म्हणून तिथल्या तिथे काढा. स्केल हलत नाही, दृश्य सरकत नाही, फक्त आकाराबाहेरचं दिसेनासं होतं.

मी दुसरी वाट सुचवतो. आधी मोठा चौकोनी व्ह्यूपोर्ट, मग स्केल, मग लॉक (म्हणजे दृश्य आणि स्केल चुकून हलणार नाही), आणि सगळ्यात शेवटी कापणी. कारण चौकोनात आजूबाजूचं सगळं दिसत असतं, त्यामुळे कुठे कापायचं हे डोळ्यांनी ठरवता येतं. आधीच बारीक आकार केला की आत काय राहिलं आणि बाहेर काय गेलं याचा अंदाजच येत नाही.

पॉलिलाइन निवडतो तेव्हा ती घेतच नाही. का?

बहुधा ती बंद नसते. शेवटचा बिंदू पहिल्यावर स्नॅप केला म्हणून पॉलिलाइन बंद होत नाही, क्लोज पर्याय द्यावा लागतो. प्रॉपर्टीज उघडून क्लोज्ड समोर येस आहे का बघा. सुट्या रेघांनी चौकोन काढला असेल तर पीएडिट देऊन जॉइन करा. आणि एक: ती पॉलिलाइन शीटवर म्हणजे पेपर स्पेसमध्ये असली पाहिजे. व्ह्यूपोर्टच्या आत, मॉडेलमध्ये काढलेली चालत नाही.

मग गट नंबरच्या हद्दीप्रमाणे नेमका आकार हवा असेल तर? हद्द तर मॉडेलमध्ये आहे.

मला सगळ्यात आवडणारं काम हेच, म्हणून सविस्तर सांगतो.

व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करा. गटाच्या हद्दीची बंद पॉलिलाइन ऑफसेटने (मूळ रेघ ठेवून समांतर प्रत काढणाऱ्या कमांडने) बाहेर घ्या, पाच-दहा मीटर. नेमक्या हद्दीवर कापू नका. धुरा, शेजारचा रस्ता, कोपऱ्यातला दगड हे सगळं हद्दीच्या बाहेरच्या अंगालाच असतं आणि वाचणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. मग सीएचस्पेस कमांड द्या आणि ऑफसेट केलेली पॉलिलाइन निवडा. ती मॉडेलमधून उचलली जाऊन शीटवर येते आणि येताना त्या व्ह्यूपोर्टच्या स्केलप्रमाणे आपोआप लहान होते, त्यामुळे दिसायला होती तिथेच राहते. आता पेपर स्पेसमध्ये बाहेर येऊन व्हीपीक्लिप द्या, व्ह्यूपोर्ट निवडा, ही पॉलिलाइन निवडा. गटाच्या आकाराची खिडकी तयार.

सीएचस्पेस वस्तू हलवते, कॉपी करत नाही. म्हणून मूळ हद्द कधीही तिच्या हातात देऊ नका, ऑफसेट केलेलीच द्या. आणि हे करण्याआधी स्केल लावून व्ह्यूपोर्ट लॉक केलेला हवा. नंतर स्केल बदललं तर शीटवरची पॉलिलाइन बदलत नाही आणि खिडकीचा आकार हद्दीशी जुळत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलावांचं काम करणाऱ्यांना ही रीत फार उपयोगी पडते. माजी मालगुजारी तलाव काही चौकोनी नसतो. एका बाजूला पाळ, दुसऱ्या बाजूला पाणी जसं पसरेल तशी हद्द. पूर्ण तलाव १:२००० ला एका व्ह्यूपोर्टमध्ये घ्या, बुडीत क्षेत्राच्या रेघेला बाहेरून ऑफसेट करून कापा, आणि शीटच्या मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यात सांडव्याचा १:१०० चा व्ह्यूपोर्ट बसवा. चौकोनी व्ह्यूपोर्टमध्ये तलावाभोवती निम्मा कागद गावातल्या घरांनी आणि धानाच्या बांध्यांनी भरून जातो. कापल्यावर तीच जागा मोकळी मिळते.

स्केल १:५०० निवडलं की नकाशा एका ठिपक्याएवढा होतो. कापायचं काय मग?

हा कापणीचा दोष नाही, एककांचा आहे. मोजणीचा नकाशा मीटरमध्ये असतो आणि शीट मिलिमीटरमध्ये. यादीतलं १:५०० म्हणजे शीटवरचं एक एकक बरोबर मॉडेलमधली ५०० एककं, म्हणजे एक मिलिमीटरला ५०० मीटर. नकाशा ठिपका होणारच.

नकाशा मीटरमध्ये असेल तर हजाराला स्केलने भागा. १:५०० साठी २, म्हणून व्ह्यूपोर्टच्या आत झूम देऊन २एक्सपी (एक्सपी म्हणजे शीटच्या एककांच्या तुलनेत इतक्या पट). १:१००० साठी १एक्सपी. १:२००० साठी ०.५एक्सपी. १:१०० साठी १०एक्सपी. घरकुलाचा नकाशा फुटात काढला असेल, म्हणजे एक एकक म्हणजे एक फूट, तर १:१०० साठी ३.०४८एक्सपी, कारण एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. इंचात असेल तर ०.२५४एक्सपी. रोज लागणारी दोन-तीन स्केलं स्केललिस्टएडिटमध्ये स्वतःच्या नावाने टाकून ठेवा, उदाहरणार्थ "मीटर १:५००", आणि ती टेम्प्लेट फाइलमध्ये साठवा.

व्ह्यूपोर्टची चौकट प्रिंटमध्ये नको होती, म्हणून तिचा लेयर फ्रीझ केला. कापलेला भाग पुन्हा दिसायला लागला!

फ्रीझ केल्यावर ऑटोकॅड कापणीची रेघच हिशेबात धरत नाही. चौकट जाते आणि तिच्याबरोबर कापणीही जाते. लेयर फ्रीझ न करता ऑफ केला तर चौकट दिसत नाही आणि कापणी टिकते.

पण ऑफ करण्यापेक्षाही चांगला उपाय आहे. व्ह्यूपोर्टसाठी वेगळा लेयर करा आणि त्याच्या समोरचं प्रिंटरचं चिन्ह बंद करा. चौकट स्क्रीनवर दिसत राहते, निवडता येते, ओढता येते, फक्त कागदावर उमटत नाही. काही जण व्ह्यूपोर्ट डेफपॉइंट्स लेयरवर टाकतात, तोही प्रिंट होत नाही. तरी मी स्वतंत्र लेयरच म्हणेन, कारण ऑफिसातला दुसरा कुणी फाइल उघडतो तेव्हा नावावरून त्याला कळलं पाहिजे की या रेघा कशासाठी आहेत.

पण चौकट प्रत्येक वेळी लपवायलाच हवी का?

नाही. बरेच जण ती सवयीने लपवतात, आणि हे मला मनापासून खटकतं.

ए३ कागद घेऊन जो माणूस साइटवर उभा असतो, तो मिस्त्री असेल, ग्रामसेवक असेल, शेतकरी स्वतः असेल, त्याच्याकडे तुमची फाइल नसते. रेघ जिथे थांबली तिथे वस्तू संपली असंच तो समजणार. नाला कागदावर मधेच तुटला तर तो तिथे संपतो की पुढे जातो? भिंत थांबली, ती खरंच थांबली की तुमच्या व्ह्यूपोर्टने थांबवली? म्हणून माझा नियम असा: कापणी वस्तूच्या बाहेरून, मोकळ्या जागेतून गेली असेल तर चौकट लपवा. कापणी एखाद्या वस्तूवरून गेली असेल तर चौकट बारीक रेघेने छापा किंवा तिथे ब्रेक लाइन (इथे तोडलं आहे हे सांगणारी रेघ) काढा. आणि वस्तू दुसऱ्या व्ह्यूपोर्टमध्ये पुढे चालू राहत असेल तर मॅच लाइन (दोन तुकडे जिथे जुळतात ती रेघ) आणि "पुढील भाग शीट २ पाहा" हे शब्द. एवढी काळजी घेतली की पाया चुकीच्या जागी खणला जायची भीती कमी होते.

पांदण रस्त्याचा नकाशा लांबच लांब आहे. ए३ वर कसा बसवायचा?

तुकडे करून. समजा पांदण १२०० मीटरची आहे आणि स्केल १:१००० हवं. कागदावर १२०० मिलिमीटर लागतात, आणि ए३ ची लांबी ४२० मिलिमीटर. चार पट्ट्या करा, प्रत्येक ३०० मीटरची. दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर जास्तीचं दाखवायचं म्हणजे पट्टी ३२० मिलिमीटर रुंद. उंची ५५ मिलिमीटर ठेवली तर रस्त्याच्या आजूबाजूची मिळून ५५ मीटर जागा दिसते. दोन्हीकडचे धुरे, नाली आणि सीडी वर्क (रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्या) त्यात येतात. चार पट्ट्या, मधे दहा-दहा मिलिमीटर मोकळे, असे २५० मिलिमीटर होतात आणि ए३ ची उंची २९७ आहे. उजवीकडे टायटल ब्लॉकची उभी पट्टी बसते. पिनच्या बाजूला समास सोडायला विसरू नका.

पांदण सरळ कधीच नसते, म्हणून प्रत्येक पट्टी फिरवावी लागते. मॉडेल फिरवू नका. व्हीपीरोटेटअसॉक ही सेटिंग एक असेल तर व्ह्यूपोर्टला साधी रोटेट कमांड दिली की आतलं दृश्यही त्याच्याबरोबर फिरतं. रेफरन्स पर्याय घ्या, रस्त्यावरचे दोन बिंदू टिपा आणि नवा कोन शून्य द्या, रस्ता आडवा होतो. चौकट मात्र तिरपी होते, म्हणून नंतर शीटवर सरळ आयत काढून व्हीपीक्लिपने त्या आयतात कापा. तिरप्या चौकटीत हा आयत पूर्ण मावायला हवा असेल तर आधी व्ह्यूपोर्ट ऐसपैस मोठा घ्या.

आता तीन गोष्टी. साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ३००, ६०० आणि ९०० मीटरवरच्या मॅच लाइन मॉडेलमध्येच काढा, म्हणजे त्या लगतच्या दोन्ही पट्ट्यांत एकाच जागी येतात. उत्तरेचा बाण प्रत्येक पट्टीला वेगळा आणि पट्टी जेवढी फिरली तेवढाच फिरवलेला. एका शीटला एकच बाण दिला तर चारातल्या तीन पट्ट्या खोटं सांगतात. आणि आतली अक्षरं पट्टीबरोबर तिरपी होतात, त्यासाठी टेक्स्ट अ‍ॅनोटेटिव्ह करून लेआउटच्या दिशेशी जुळवण्याचा पर्याय चालू करा.

गोल डिटेल कसं दाखवायचं? घरकुलाच्या पायाचं हवं आहे.

२५ चौरस मीटरचं घरकुल १:५० ला साधारण दहा बाय दहा सेंटिमीटर कागद घेतं, त्यामुळे ए३ वर डिटेलला भरपूर जागा उरते, आणि ती वापराच. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाया किती खोल, खाली मुरमाचा भराव किती, प्लिंथ बीम कुठे, हे मिस्त्रीला मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे.

मुख्य छेदावर, मॉडेलमध्ये, डिटेलच्या जागेभोवती वर्तुळ काढा आणि "अ" लिहा. शीटवर दुसरा व्ह्यूपोर्ट घ्या, १:२० लावा, लॉक करा. शीटवर वर्तुळ काढून व्हीपीक्लिपने कापा. मॉडेलमधलं वर्तुळ या दुसऱ्या व्ह्यूपोर्टमध्ये नको असेल तर त्याचा लेयर फक्त याच व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ करा. लेयर पॅनलमध्ये व्हीपी फ्रीझचा वेगळा रकाना असतो. खाली "डिटेल अ, १:२०" लिहा. एका शीटवर दोन स्केलं असली की टायटल ब्लॉकमध्ये एकच स्केल लिहू नये, "दर्शविल्याप्रमाणे" लिहावं.

मापं आत द्यायची की शीटवर?

कापलेल्या व्ह्यूपोर्टसाठी शीटवर दिलेली बरी. शीटवरचं माप कापणीने कापलं जात नाही, आणि डिमअसॉक दोन असेल तर व्ह्यूपोर्टमधल्या वस्तूला स्नॅप केल्यावर आकडा जमिनीवरचाच येतो. मात्र व्ह्यूपोर्ट लॉक हवा. लॉक नसलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये कुणी चुकून चाक फिरवलं की मापं एकीकडे आणि रेघा दुसरीकडे.

शेततळ्याचा छेद लांब आहे, मधला भाग सपाटच आहे. मधलं काढून टाकता येतं का?

येतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, छेद १:५० ला काढला तर नुसती लांबी ६०० मिलिमीटर. एकाच छेदावर दोन व्ह्यूपोर्ट घ्या, एक डाव्या काठाचा, एक उजव्या काठाचा, दोन्ही एकाच स्केलला, आणि तळाची रेघ दोन्हीत एका पातळीवर आणा. त्यासाठी एमव्हीसेटअपमध्ये अलाइन, मग हॉरिझाँटल. मधल्या बाजूने दोन्ही कापा आणि ब्रेक लाइन काढा. तुटलेल्या भागावरचं एकूण माप खरं, म्हणजे पूर्ण लांबीचं, लिहायला विसरू नका.

संत्र्याच्या बागेच्या ठिबकलाही हीच दृष्टी ठेवा. ६ बाय ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडं बसतात. सगळी झाडं, सगळ्या लॅटरल (ओळीतल्या ठिबक नळ्या) मोठ्या स्केलला दाखवायची गरज नाही. पूर्ण बाग एका लहान व्ह्यूपोर्टमध्ये, आणि व्हॉल्व्हजवळचा एक कोपरा मोठा करून, कापून.

भूमी अभिलेखकडचा स्कॅन नकाशा मागे लावला आहे. तोही कापला जातो का?

हो, व्ह्यूपोर्टच्या कापणीत चित्रही कापलं जातं. चित्राची स्वतःची चौकट छापून येत असेल तर इमेजफ्रेम शून्य करा, किंवा दोन, म्हणजे स्क्रीनवर राहील आणि प्रिंटमध्ये येणार नाही. चित्रालाच इमेजक्लिपने किंवा जोडलेल्या दुसऱ्या फाइलीला एक्सक्लिपने कापलं तर ते सगळ्याच व्ह्यूपोर्टमध्ये कापलेलं दिसतं. एका शीटपुरतं हवं असेल तर व्हीपीक्लिपच. आणि अशा मागे लावलेल्या नकाशावरून हद्दीचा वाद सोडवायला जाऊ नका, त्यासाठी मोजणीची क प्रत असते.

कापलेला आकार रद्द कसा करायचा?

व्हीपीक्लिप, व्ह्यूपोर्ट निवडा, डिलीट पर्याय. तो पुन्हा चौकोनी होतो. कापणीची पॉलिलाइन निवडून थेट डिलीट दाबू नका, तिच्याबरोबर व्ह्यूपोर्टही निवडला गेलेला असतो. थोडासाच बदल हवा असेल तर ग्रिप, म्हणजे निवडल्यावर आकारावर दिसणारे छोटे चौकोन, ओढा.

व्ह्यूपोर्ट अचानक कोरा झाला.

प्रॉपर्टीजमध्ये ऑन समोर नो आहे का बघा. नसेल तर त्या व्ह्यूपोर्टमध्ये लेयर फ्रीझ झालेत का बघा. व्ह्यूपोर्ट खूप असतील तर मॅक्सअ‍ॅक्टव्हीपी बघा, ते ६४ पर्यंतच जातं आणि त्यापलीकडचे व्ह्यूपोर्ट कोरे दिसतात. जुन्या संगणकावर काम हळू चालत असेल तर सध्या न लागणारे व्ह्यूपोर्ट तुम्हीच नो करून ठेवू शकता, प्रिंटच्या आधी परत येस करा.

एका व्ह्यूपोर्टवर दुसरा बसला आहे, आतला पकडताच येत नाही.

एका व्ह्यूपोर्टच्या आत जा आणि कंट्रोल-आर दाबत राहा, एकेक व्ह्यूपोर्ट सक्रिय होत जातो. बाहेर यायला पीएस.

तुटक रेघा एका व्ह्यूपोर्टमध्ये तुटक आणि दुसऱ्यात सलग दिसतात.

पीएसएलटीस्केल एक करा, मग रीजनऑल.

मी फाइल पाठवली तर कापलेला भाग समोरच्याला दिसेल का?

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, पाठवली तर सगळं दिसेल. त्याने मॉडेल टॅबवर क्लिक केलं की शेजाऱ्याचं वावर, त्याची विहीर, त्याचं घर, तुम्ही मोजलेलं सगळं त्याच्यासमोर उघडं. एकाच मोजणीत दोन भावांची वाटणी असेल आणि एकालाच त्याचा भाग द्यायचा असेल तर हे गंभीर आहे. त्याला प्रिंट द्या.

ऑटोकॅड नसेल तर?

ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅडमध्ये व्हीपीक्लिप याच नावाने आहे. रेव्हिटमध्ये शीटवरच्या व्ह्यूपोर्टला नव्हे, तर त्या व्ह्यूलाच क्रॉप रीजन असतो. एडिट क्रॉप करून तो चौकोनाऐवजी वेगळ्या आकाराचा करता येतो, फक्त एकच बंद आकार हवा. रेव्हिटमध्ये एक व्ह्यू एकाच शीटवर बसतो, म्हणून दुसऱ्या शीटसाठी व्ह्यूची प्रत करून तिला वेगळा क्रॉप द्यावा लागतो. फ्रीकॅडच्या टेकड्रॉमध्ये क्लिप ग्रुप आहे. फक्त गावनकाशा, नाले आणि गट दाखवायचे असतील तर मोफत मिळणारं क्यूजीआयएस बघा, त्याच्या प्रिंट लेआउटमध्ये नकाशा एखाद्या आकारात कापता येतो.

प्रत्येक लाभार्थ्यासाठी हेच सगळं पुन्हा करायचं का?

नाही. लेआउट टॅबवर उजवं क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, क्रिएट अ कॉपी. कापलेले व्ह्यूपोर्ट, स्केल, लॉक सगळं त्याच्याबरोबर येतं. कॉपी केलेल्या लेआउटमध्ये आधी व्ह्यूपोर्टचं लॉक काढा, पॅन करून दुसऱ्या घरकुलावर या, पुन्हा लॉक करा. पॅन करताना चाक फिरवू नका, नाहीतर स्केल जाईल. गेलंच तर झूम देऊन तोच एक्सपी आकडा पुन्हा टाका. नंतर टायटल ब्लॉकमधलं नाव आणि गट नंबर बदला, आणि प्रिंट देण्याआधी एक माप स्केलपट्टीने कागदावर मोजून बघा.